वरचा दांडा

कोंबडीला नकाशा वाचता येत नाही, एवढी एक साधी गोष्ट माझ्या थोरल्या दिरांना जन्मात पटली नाही. त्यांनी पस्तीस वर्षं जमिनीच्या मोजणीत काढली. साखळी टाकायची, खुंटी ठोकायची, एक डोळा मिटून रेषा बघायची आणि दोन सख्ख्या भावांना सांगायचं, इथपर्यंत तुझं, इथून पुढे त्याचं. गावात त्यांना सगळे मोजणीदारच म्हणतात. निवृत्त झाल्यावर मोजायला लोकांच्या जमिनी उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी माझ्या कोंबड्या मोजायला घेतल्या.

आमची दोन घरं शेजारी शेजारी. सासऱ्यांनी जमिनीचे दोन भाग केले, विहिरीकडचा थोरल्यांना आणि उताराचा आम्हाला. मध्ये हद्द म्हणून चार मोठे दगड. त्या दगडांवर बसून मी आणि थोरल्या जाऊबाईंनी तीस वर्षं धान्य निवडलं, भाज्या सोलल्या आणि सगळ्या गावाला नावं ठेवली. म्हणजे नावं मी ठेवायची आणि त्यांनी मान हलवायची. जाऊबाई मुळातच कमी बोलणाऱ्या. मोजणीदारांसमोर तर "हो" आणि "वाढते" याच्यापुढे त्यांचं तिसरं वाक्य मी कधी ऐकलं नाही.

आता खरं ते सांगते. चूक आमच्याकडूनही झाली होती. मोजणीदारांनी कांद्याची रोपं लावली होती, दोरी धरून, वीतभर अंतराने, एकही रोप रांग सोडून नाही. माझ्या कोंबड्या तिथे गेल्या आणि तासाभरात त्यांनी सगळा वाफा उकरून ठेवला. मी जाऊन माफी मागितली, रोपं परत लावून दिली. आठ दिवसांनी त्या पुन्हा गेल्या. दुसऱ्या वेळी मी माफी मागायला गेले तेव्हा ते वहीत काहीतरी लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात," ते म्हणाले. "इथे कुंपणच नाही, म्हणून तुमच्या कोंबड्यांची धाव माझ्या ताटापर्यंत."

"घालते कुंपण, भाऊजी," मी म्हटलं. "सांगितलंत हे बरं झालं."

एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण पस्तीस वर्षं कागदावर काढलेल्या माणसाला तोंडाने सांगितलेलं पुरत नाही. चार दिवसांनी कचेरीतला कारकून सायकलवरून आला आणि नोटीस देऊन गेला. खाली सही कचेरीची होती, पण भाषा आमच्या घरातलीच. तीन आठवड्यांत हद्दीवर पाच फूट उंच, जाळीचं, सरळ रेषेतलं आणि "वर सलग लाकडी दांडा असलेलं" कुंपण घालावं. त्यानंतर पाहणी होईल. पाहणीच्या वेळी एक जरी कोंबडी शेजारच्या हद्दीत सापडली, तर सगळ्या कोंबड्या कायमच्या पिंजऱ्यात ठेवाव्या लागतील.

आमचे हे म्हणजे शांत माणूस. भांडणाचा वास आला की यांना शेतातलं काहीतरी काम आठवतं. त्या दिवशी मात्र हे चपला घालून परत उंबऱ्यात बसले.

"दादाच आहे आपला," हे म्हणाले. "कशाला ताणायचं? आपण पिंजरेच करू. मोठे करू, ऐसपैस."

"पिंजरा हा शब्द या घरात पुन्हा काढू नका," मी म्हटलं.

त्यामागचं कारण यांना माहीत होतं, तुम्हाला सांगायला हवं. मी अठरा वर्षं अंड्यांच्या शेडमध्ये कामाला होते. लांबच लांब पत्र्याची शेड, आत तीन मजली पिंजरे, एका पिंजऱ्यात चार कोंबड्या. पंख पसरायला जागा नाही, पायाखाली माती नाही, दिवस कधी मावळतो ते दिव्याच्या बटणाला ठाऊक. अंडी कमी झाली की त्यांना एकदम काढायचे आणि गाडीत भरायचे. मी अठरा वर्षं पगार घेतला आणि गप्प बसले. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मालकाने विचारलं, बाई, तुम्हाला आठवण म्हणून काय देऊ? मी म्हटलं, उद्याच्या गाडीतल्या वीस कोंबड्या द्या. तो हसला, पण दिल्या.

घरी आणून त्यांना मोकळं सोडलं तर एकही जागची हलेना. वीस कोंबड्या अंगणात चिकटून उभ्या, एकमेकींना टेकून, चौघी चौघी करून. अर्ध्या अंगाची पिसं गेलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातल्या एकीने पाय उचलला, मातीवर ठेवला, पुन्हा उचलला आणि मग खाली वाकून उकरायला लागली. तिला मी झिपरी म्हणायला लागले, कारण डोक्यावर तेवढी चार पिसं उभी होती. तिच्यामागून बाकीच्या शिकल्या. डबा तीनदा वाजवला की दाणे मिळतात, हेही पहिल्यांदा तिलाच कळलं. दोन वर्षांत वीसच्या अठ्ठावीस झाल्या, पण माझा जीव झिपरीत. तिला परत पिंजऱ्यात घालायचं तर आधी मला घाला.

"बरं," हे म्हणाले आणि पहार काढायला गेले.

आम्ही दोघांनी खड्डे घेतले. आठ आठ फुटांवर खांब, जाळी वीतभर जमिनीत गाडलेली, म्हणजे खालून उकरून जायला नको. माझ्या हाताला फोड आले, यांची पाठ धरली. मोजणीदार रोज संध्याकाळी त्यांच्या बाजूने येऊन एक डोळा मिटून खांबांकडे बघत. "तिसरा दोन बोटं बाहेर आहे," एवढं बोलून निघून जात. तिसरा खांब आम्ही काढून पुन्हा रोवला. कारण तो खरंच दोन बोटं बाहेर होता, आणि खोटं मी माझ्या वैऱ्यालाही पाडणार नाही.

अडचण होती ती वरच्या दांड्याची. मी कचेरीत जाऊन कारकुनाला सांगितलं होतं, की बाबा रे, दांडा नको. कोंबडी भिंतीवरून उडून पलीकडे जात नाही. ती आधी वर बघते, बसायला जागा आहे का. असली तर उडून तिथे बसते आणि मग पलीकडे उतरते. वर बसण्यासारखं काहीच नसलं, नुसती जाळी लुळी हलत असली, तर ती प्रयत्नच करत नाही.

"दांडा लिहिलाय," कारकून म्हणाला.

"अरे, पण तो कोंबड्यांना जिना होईल."

"बाई, लिहिलंय ना."

तेव्हा लिहिल्याप्रमाणे आम्ही दांडा ठोकला. गुळगुळीत, सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोजणीदारांनी त्यावरून नजर फिरवली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला चांगलं म्हटलं. "आता कसं, रेषेत दिसतंय," ते म्हणाले. त्यांना कुंपण हवं होतं ते डोळ्यांसाठी. कोंबडी काय बघते, हे त्यांनी कधी तिच्या उंचीवर वाकून बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या दांड्यावर अकरा कोंबड्या ओळीने बसल्या होत्या. काय सरळ रेषा! मग एकेक करून त्या पलीकडे उतरल्या, थेट कांद्यात. कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं.

मोजणीदार वही घेऊन बाहेर आले. "अकरा," ते म्हणाले. "मुदत संपलेली नाही म्हणून बोलत नाही."

मी पलीकडे जाऊन कोंबड्या हाकलत आणल्या, घरातून हातोडा घेतला आणि पहिल्या खांबावरचा खिळा उपटला.

"काय करताय?"

"दांडा काढतेय."

"दांडा काढलात तर कुंपण मंजूर होणार नाही. कागदावर आहे ते."

"कागद तुम्ही कोंबड्यांना वाचून दाखवा, भाऊजी. त्यांना पटलं तर मी दांडा परत लावते."

"धाकटे, तोंड सांभाळून बोल." ते अहोजाहो विसरले, तेव्हा मला कळलं की नेम बरोबर बसलाय.

"तीस वर्षं सांभाळलं," मी म्हटलं. "तुम्ही थोरले म्हणून सांभाळलं, तुमचा मान म्हणून सांभाळलं. माझ्या कोंबड्यांसाठी नाही सांभाळणार. करा तक्रार, अजून चार कागद पाठवा. हा दांडा आज सरपणात जाणार."

आणि गेला. माझ्या आवाजाने आमचे हे शेतातून धावत आले होते. मला वाटलं, आता समजूत घालतील. पण त्यांनी काही न बोलता दुसरा हातोडा घेतला आणि दुसऱ्या टोकापासून खिळे काढायला सुरुवात केली. यांच्यावर मी त्या दिवसाइतकी कधीच भाळले नव्हते. जाळीचा वरचा हातभर भाग आम्ही सैल सोडला. वाऱ्याने तो डुलायचा. दिसायला अगदी बावळट कुंपण, पण त्या दुपारी कोंबड्या आल्या, मान वर करून बघितलं आणि परत फिरल्या.

संध्याकाळी खुराड्यात मोजल्या तर सत्तावीस भरल्या. पुन्हा मोजल्या. झिपरी नव्हती.

अंधार पडेपर्यंत मी शोधलं. डबा वाजवत सगळ्या उतारावर फिरले. ओढ्याच्या बाजूला एका भटक्या कुत्र्याने मागच्याच महिन्यात कुणाचं तरी बदक नेलं होतं, तेच मनात येत राहिलं. शेवटी कुंपणापाशी बसले आणि मोठ्याने रडले, लाज न बाळगता. पलीकडे जाऊबाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला आल्या होत्या. जाळीतून आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"झिपरी गेली," मी म्हटलं.

त्या खाली बघत राहिल्या. कपडे खांद्यावर टाकले आणि आत निघून गेल्या. मला वाईट वाटलं. म्हटलं, दगडांवर बसायची सोय गेली तशी मायाही गेली. एवढ्यात नवऱ्याच्या बाजूच्या झाल्या.

पाहणीच्या दिवशी कारकून सकाळीच आला. मोजणीदार धुतलेले कपडे घालून, वही घेऊन तयार. आम्ही आमच्या बाजूला, मोजणीदार आणि कारकून त्यांच्या बाजूला. कारकुनाने फीत लावून उंची मोजली, जाळी ओढून बघितली.

"दांडा नाही," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "दांडा होता त्या दिवशी अकरा गेल्या. काढल्यापासून एकही नाही. भाऊजींच्या वहीतच बघा, ते खोटं लिहीत नाहीत."

कारकुनाने मोजणीदारांकडे बघितलं. वही त्यांनी पाठीमागे नेली, पण एखादी गेली असं काही म्हणाले नाहीत. एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

कारकून कागद गुडघ्यावर ठेवून लिहायला लागला आणि तेवढ्यात मोजणीदारांच्या स्वयंपाकघरामागून एक कोंबडी आली. सावकाश, तिच्या बापाचं आवार असल्यासारखी. अंगाने भरलेली, पिसं चकचकीत, आणि डोक्यावर चार पिसं उभी.

झिपरी जिवंत होती. झिपरी पलीकडे होती. ती दिसल्याचा आनंद पुरता व्हायच्या आत मला कळलं की बाकीच्या सत्तावीस आता गेल्या.

"एक," मोजणीदार म्हणाले. आवाजात आनंदसुद्धा नव्हता, फक्त बेरीज बरोबर आल्याचं समाधान.

"तुमची का बाई?" कारकुनाने विचारलं.

माझी म्हणावं तर सगळ्या पिंजऱ्यात. माझी नाही म्हणावं, तर जिने बाकीच्यांना मातीवर पाय टाकायला शिकवलं तिलाच मी नाकारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला असा माझा स्वभाव, पण त्या वेळी जीभ हलेना.

"माझी आहे."

आवाज ओळखायला मला वेळ लागला, कारण इतक्या मोठ्याने मी तो कधी ऐकला नव्हता. जाऊबाई मागच्या दारात उभ्या होत्या. एका हातात ताट, दुसऱ्या हातात पळी.

मोजणीदार हसले. "आपल्याकडे कुठली आली कोंबडी? तू आत जा."

"माझी आहे म्हणतेय ना," जाऊबाई म्हणाल्या आणि आत गेल्या नाहीत.

"बरं," मोजणीदार कारकुनाकडे वळले. "सोपं आहे. यांच्या कोंबड्या डबा वाजवला की येतात, सगळ्या गावाला माहीत आहे. वाजवा डबा. नेहमीसारखा वाजवा, तीनदा."

मी डबा उचलला. हळू वाजवता आला असता, चुकीचा वाजवता आला असता. पण मग तिसरा खांब उपटून पुन्हा रोवायचंही काही कारण नव्हतं. मी नेहमीसारखा वाजवला, तीनदा, खणखणीत.

माझ्या सत्तावीस धावत आल्या. पलीकडे झिपरीने मान वर केली. डोळा माझ्याकडे. मग ती निघाली, पंख फेंदारून, कुंपणाच्या दिशेने, जशी रोज यायची तशी. मोजणीदारांनी वही उघडली.

जाऊबाईंनी पळी ताटाच्या कडेवर आपटली. दोनदा.

झिपरी वाटेतच थांबली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मागे. आणि वळली. पळत जाऊन जाऊबाईंच्या पायाशी उभी राहिली. त्यांनी खाली वाकून ताटातला भात तिच्यापुढे टाकला. शितं तिथं भुतं म्हणतात ते माणसांपुरतंच नाही. मला इतका आनंद झाला आणि इतका राग आला, की दोन्ही एकदम कसे मावले कोण जाणे.

"कधीपासून?" मोजणीदारांनी विचारलं.

"दांडा होता त्या दिवसापासून. अकरा तुम्ही मोजल्या. बारावी स्वयंपाकघरामागे आली होती."

"आणि मला दिसली नाही?"

"स्वयंपाकघरामागे तुम्ही तीस वर्षांत कधी आलात?"

कारकून कागदात बघायला लागला. आमचे हे पायाखालची माती बघायला लागले. मी मात्र डोळे फाडून बघत होते.

"मला न विचारता?" मोजणीदार म्हणाले.

"बाकी सगळं विचारून केलं," जाऊबाई म्हणाल्या. त्या थांबल्या नाहीत. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मलाही ठाऊक होतं. कधीतरी ती बाहेर येणारच होती. दिवसभर या घरात माझ्याशी कोण बोलतं? एक होती, तिच्या नि माझ्यामध्ये तुम्ही जाळी लावलीत. मग ही आली आणि माझ्या पायाशी बसली. मी ठेवून घेतली. आता लिहा ते वहीत."

मोजणीदारांनी वहीत काही लिहिलं नाही.

कारकुनाने घसा साफ केला. "म्हणजे पलीकडची एकही कोंबडी या बाजूला नाही," तो म्हणाला आणि सही केली. सायकलला टेकून मग त्याने जरा विचार केला. "मोजणीदार, एक आहे. आता तुमच्याकडेही कोंबडी आहे. ती जर या बाईंच्या हद्दीत गेली, तर नियम तोच."

तो गेल्यावर जाऊबाई कुंपणापाशी आल्या. झिपरी त्यांच्या मागेमागे.

"तुला रडताना बघितलं मी," त्या म्हणाल्या. "तरी दिली नाही. शिव्या दे."

"देते," मी म्हटलं. "चांगल्या ठेवणीतल्या देते. आणि आता परत द्या तिला."

"नाही देणार."

तीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. मी जाळीला नाक लावून झिपरीकडे बघितलं. तिने मला ओळखलं होतं, शंका नाही. पण तिच्या दोन्ही बाजूंना मोकळं रान होतं आणि तिने एक बाजू निवडली होती. ज्या कोंबडीला दोन वर्षांपूर्वी पाय उचलायची भीती वाटायची, तिने निवडली होती. तिला ओढून आणायची तर पिंजरा काय वाईट होता?

"मग एकटी ठेवू नका," मी म्हटलं. "कोंबडीला सोबत लागते. तीन घेऊन जा."

मी घरातून पक्कड आणली आणि छातीच्या उंचीवर जाळीच्या तारा तोडायला लागले. ताट आरपार जाईल एवढं चौकोनी भोक पाडलं, तारांची टोकं नीट मागे वळवली, म्हणजे कुणाच्या हाताला लागायला नकोत.

"हे काय?" मोजणीदार लांबूनच ओरडले. "आत्ताच पाहणी झालीय! नोटिशीत भोक नाही!"

"नोटिशीत भोक घालू नये असंही नाही, भाऊजी," मी म्हटलं. "वाचून बघा. भाषा तुमचीच आहे."

एकेक करून तीन कोंबड्या मी त्या भोकातून जाऊबाईंच्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या बाजूला एक दगड लोटत आणला, मी माझ्या बाजूला एक, आणि आमचं निवडणं, सोलणं पुन्हा सुरू झालं. ताट मध्ये भोकात टेकवायचं. आता गावाला नावं त्याही ठेवतात, आणि काय सुरेख ठेवतात!

मोजणीदार आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी ठोकल्याचा आवाज आला म्हणून मी वाकून बघितलं. ते एकटेच कांद्याच्या वाफ्याभोवती कुंपण घालत होते, दोरी धरून, एक डोळा मिटून. खांब अगदी रेषेत. जाळी पाच फूट. चार कोंबड्या बाजूला उभ्या राहून काम बघत होत्या आणि ते अधूनमधून त्यांना "बाजूला व्हा" म्हणत होते, अहोजाहो करून.

वर दांडा नव्हता.